जुन्या पिकअपची टाकी हलवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात जुन्या पिकअप सांभाळणारे लोक वाटतात तितके कमी नाहीत. कुणाच्या वाड्यात आजोबांच्या वेळची शेव्हर्ले उभी आहे, कुणाकडे फार्गो, तर कुणी विलीज जीपला मागे हौदा जोडून घेतलेला. यातल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी इंधनाची टाकी हलवायची किंवा दुसरी टाकी टाकायची हौस येते आणि मग फोन सुरू होतात. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: किती लिटरची बसेल? माझ्या हिशेबी तो शेवटून पहिला प्रश्न आहे. टाकी म्हणजे पत्र्याचा डबा, कुणीही वाकवून देईल. गाडी रस्त्यात उभी राहते ती हवेच्या नळीमुळे, पंपाच्या जागेमुळे आणि अर्थिंगमुळे. खाली याच गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

मुळात टाकी हलवायचीच कशाला? कंपनीने काही विचार करूनच बसवली असेल ना?

केलाच होता विचार. शेव्हर्लेने १९४९ पासून पिकअपची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे उभी बसवली. पुढे फोर्डच्या पिकअपमध्येही ही पद्धत आली. विलीज जीपची टाकी तर थेट ड्रायव्हरच्या सीटखाली. फायदे होते: टाकीला खालून दगड लागत नाही, चिखल लागत नाही, पाइप आखूड राहतो आणि टाकी उंचावर असल्यामुळे पंपाला ओढायला जोर पडत नाही.

तोटा आपल्याकडे मे महिन्यात कळतो. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास गेला, गाडी दुपारभर उन्हात बंद उभी राहिली, की दार उघडताच पेट्रोलचा भपका येतो. आणि मागून कुणी ठोकलं तर पाठीशी चाळीस-पन्नास लिटर पेट्रोल आहे, हा विचार काही सुखाचा नाही.

तरीही नुसता वास येतोय म्हणून टाकी हलवायला निघू नका. आधी तीन गोष्टी बदला: फ्लोटच्या (टाकीत तरंगून काट्याला पातळी कळवणाऱ्या भागाच्या) खालचं पॅकिंग, तोंडाच्या नळीचा रबरी जोड आणि झाकणाचं वायसर. ही तिन्ही रबरं पन्नास-साठ वर्षं जुनी असतील तर वास येणारच. कित्येक गाड्यांचा वास एवढ्यावरच जातो आणि मोठा खर्च वाचतो.

मग खरी कारणं कोणती?

मला पटणारी चारच. एक, जुनी टाकी आतून गंजून चाळणी झाली आहे आणि तशीच दुसरी मिळत नाही. दोन, केबिनमध्ये लहान मुलं, घरची माणसं बसणार आहेत आणि पेट्रोल बाहेर असावं असं वाटतं. तीन, पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल आलंय आणि जुन्या टाकीला रिटर्नची, म्हणजे उरलेलं डिझेल परत घेण्याची, सोय नाही. चार, खरोखर लांब जायचं आहे.

चौथ्या कारणावर मात्र माझा फारसा विश्वास नाही. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हमरस्त्यावर आणि मुंबई-आग्रा रस्त्यावर पंपांची वाण नाही. धडगाव-तोरणमाळच्या बाजूला, सातपुड्यात आत आत जाणार असाल तर जादा इंधनाला अर्थ आहे. अमळनेरहून पारोळ्याला जायला दोन टाक्या कशाला हव्यात?

या गाड्या इकडे आल्या कुठून?

थोडं विषयांतर, पण विचारतात म्हणून. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना १९२८ ते १९५४ असा चालला. डॉज आणि फार्गो कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये तयार होत, आणि जीप महिंद्राने स्वातंत्र्यानंतर आणली. कापूस, जिनिंग, केळी यांचा पैसा खेळत होता तिथे या गाड्या पोचल्या. म्हणून आपल्याकडे दिसणाऱ्या बऱ्याच गाड्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या आहेत आणि अमेरिकेतून मागवलेले तयार टाकीचे किट त्यांना जसेच्या तसे बसत नाहीत. स्टिअरिंग बॉक्स, ब्रेकचा पाइप, सायलेन्सर यांच्या बाजू बदललेल्या असू शकतात. किट मागवण्याआधी गाडीखाली झोपून माप घ्या.

नवी टाकी बसवायची सगळ्यात चांगली जागा कोणती?

चेसिसच्या दोन लांब पट्ट्यांच्या मधे, मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे, हौद्याखाली. बऱ्याच पिकअपमध्ये तिथे स्टेपनी टांगलेली असते, ती दुसरीकडे हलवावी लागते. दोन्ही बाजूंनी चेसिसचं लोखंड आड येतं, केबिनपासून टाकी लांब जाते, आणि सायलेन्सर दुसऱ्या बाजूने काढता येतो.

माप घेताना लोक एक चूक हमखास करतात: रिकाम्या गाडीवर माप घेतात. रिकाम्या गाडीचे पाटे वर उचललेले असतात, सगळीकडे ऐसपैस जागा दिसते. हौद्यात वाळूची पोती भरा, इतकी की अ‍ॅक्सल रबरी गुटक्याला टेकेल. मग डिफरन्शिअल (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) आणि टाकीचा पुढचा पत्रा यांत किती फट उरते ते बघा. दोन इंच तरी राहायला हवी. केळीचे घड भरून बांधावरून उतरताना हीच फट कामाला येते.

जमिनीपासूनची उंचीही तशीच बघायची. टाकीचा तळ डिफरन्शिअलच्या तळापेक्षा खाली गेला की समजा एखाद्या गावच्या स्पीडब्रेकरवर ती घासणार. आणि आपल्या काळ्या मातीचा एक वेगळाच त्रास आहे. बागेतला चिखल टाकी आणि हौद्याच्या मधल्या सांदीत जाऊन बसतो, वाळून दगड होतो, पुढच्या पावसात पुन्हा भिजतो. पत्रा तिथूनच वरून खाली सडत येतो आणि आपण मात्र तळ तपासत बसतो. टाकीच्या वर हाताचा पंजा जाईल एवढी जागा ठेवा, पाइप मारून धुता आलं पाहिजे. टाकीखाली संरक्षणाचा जाड पत्रा लावणार असाल तर त्याला पाणी-चिखल निघायला भोकं ठेवा.

चेसिसच्या बाहेर, बाजूला लावली तर? ट्रकला असते तशी.

मोठ्या ट्रकला ती चालते, पण पिकअपला नको. अमेरिकेत १९७३ ते १९८७ च्या शेव्हर्ले आणि जीएमसी पिकअपना टाक्या चेसिसच्या बाहेर, बाजूला होत्या. बाजूने धडक बसल्यावर आगी लागण्यावरून तिथे मोठं वादळ उठलं. सरकारी रस्ते सुरक्षा यंत्रणेने १९९२ च्या डिसेंबरात चौकशी सुरू केली आणि १९९४ च्या डिसेंबरात प्रकरण तडजोडीवर मिटलं. गाड्या परत बोलावल्या गेल्या नाहीत, पण कंपनीने सुरक्षेच्या कामांसाठी ५ कोटी १० लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. आपल्या चौकांत गाड्या बाजूनेच जास्त घुसतात, तेव्हा हा धडा आपणही घेतलेला बरा.

जुनीच टाकी काढून मागे लावता येईल का?

नाही. सीटमागची टाकी उंच आणि अरुंद असते. ती आडवी केली की ओढणारी नळी आणि फ्लोट दोन्ही चुकीच्या जागी येतात. जपून ठेवा मात्र, भंगारात देऊ नका. कारण खाली कायद्याच्या प्रश्नात येईल.

पत्रा कोणता वापरावा? स्टील, अ‍ॅल्युमिनियम की प्लास्टिक?

माइल्ड स्टील दीड-दोन मिलिमीटरचं, बाहेरून चांगला प्रायमर आणि रंग, हे सगळ्यात सरळ. स्टेनलेसही चालतं, फक्त वेल्डिंग करणारा हात चांगला हवा. वाईट जोड थरथरीने चिरतो. अ‍ॅल्युमिनियम हलकं पडतं, पण ते पकडणाऱ्या पट्ट्या आणि टाकीच्या मधे रबर हवंच, नाहीतर पट्टी टाकीला घासून खाते.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा, म्हणजे घराच्या पाण्याच्या टाकीचा, अजिबात नको. त्यातलं जस्त डिझेलशी जमवून घेत नाही. चिकट गाळ तयार होतो आणि फिल्टर जाम होतात. तांब्याच्या पाइपचंही डिझेलच्या बाबतीत तेच, त्याने डिझेल लवकर खराब होतं.

टाकीच्या आत अडसर पत्रे टाकायला सांगा, खाली कोपरे कापलेले, म्हणजे इंधन सरकेल पण उसळणार नाही. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना अर्धी भरलेली टाकी आतून धक्के मारते. चढावर सगळं पेट्रोल मागे जातं आणि नळी उघडी पडते. ओढणारी नळी टाकीच्या मागच्या भागात ठेवली तर चढावर त्रास होत नाही. तळापासून ती बोटभर वर असावी, म्हणजे पाणी आणि गाळ खालीच राहतो. आणि सर्वात खोल जागी ड्रेन बोल्ट.

जुन्या टाकीला छोटं भोक आहे. धुऊन वेल्डिंग मारून घेऊ का?

नका. हा एकच प्रश्न असा आहे ज्याचं उत्तर मी फोनवरही आवाज चढवून देतो.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झालं की ठिणगी पुरते, आणि "धुतलेल्या" टाकीत नेमकं तेवढंच उरतं. वाफ जोडांच्या घड्यांत, गंजाच्या थरात लपून बसते. साबणाने धुतली, उन्हात ठेवली, वास येत नाही, तरी आच लागली की ती बाहेर येते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गॅरेजच्या खड्ड्यात जाऊन साठते. तिथे बल्बची तुटकी वायर असली तरी बस्स.

डिझेलवाले म्हणतात, आमचं काय, डिझेल पेटत नाही. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेटू शकते ते, किमान ३५ अंश धरलेला आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पडलेली टाकी त्याच्या वर सहज जाते. म्हणजे खानदेशच्या उन्हाळ्यात डिझेलच्या टाकीतही पेटणारी वाफ असू शकते.

झारण, वेल्डिंग, ग्राइंडर, काहीही जुन्या टाकीवर करायचं नाही. नवीन टाकी करून घ्या. अगदीच मूळ टाकी वाचवायची असेल तर वाफेने शुद्ध करून, आत नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून काम करणाऱ्या, टँकरची कामं नेहमी करणाऱ्या माणसाकडेच द्या.

नवीन टाकी गळते का हे कसं तपासायचं?

सगळी तोंडं बंद करून आत थोडी हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. थोडी म्हणजे दोन-तीन पीएसआय, तीही सायकलच्या पंपाने. टायरचा कॉम्प्रेसर थेट लावू नका. हिशेब बघा: ६० बाय ४० सेंटिमीटरच्या एका बाजूवर तीन पीएसआय म्हणजे जवळपास पाचशे किलोचा जोर. टाकी फुगते, जोड उसवतात आणि मग आपणच म्हणतो की वेल्डिंग कच्चं होतं.

हवेच्या नळीचं एवढं काय? झाकणाला बारीक भोक पाडलं की झालं.

झालं नाही. इंधन बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. ती आली नाही तर टाकीत पोकळी होते, पंप ओढून ओढून थकतो, पातळ पत्र्याची टाकी आत चेपते. लक्षण ठरलेलं आहे: गाडी वीस-पंचवीस किलोमीटर झकास चालते, मग गचके देते, बंद पडते. झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो, गाडी पुन्हा चालू होते. मालक कार्बोरेटर खोलून घेतो, पंप बदलतो, पॉइंट बदलतो. आमच्याकडचा एक जुना फिटर अशा गाडीचं झाकण फिरवत एवढंच म्हणायचा, "भाऊ, हवा नही जाई तं पेट्रोल कसं येई?"

झाकणाच्या भोकातून हवा जाते, पण उतारावर किंवा वळणावर पेट्रोलही बाहेर येतं, रंग खातं आणि वास सोडतं. म्हणून वेगळी नळी काढा. टाकीच्या सगळ्यात वरच्या बिंदूवरून ती निघावी, तोंडाच्या झाकणापेक्षा वर एक वळसा घ्यावा आणि मग खाली येऊन संपावी. शेवटाला लहान फिल्टर लावा, आपली धूळ काही साधी नाही. गाडी उलटली तर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह अलीकडच्या गाड्यांना असतो, तो मिळाला तर या नळीत जरूर टाका. आणि नळीचं तोंड चाकाच्या पातळीला ठेवू नका. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असतं. त्यातून गाडी घातली की हवेऐवजी पाणी आत ओढलं जातं.

दुसरी एक हवेची नळी तोंडापाशी लागते, भरताना आतली हवा बाहेर यायला. ती नसेल तर पंपावरचा माणूस दर दोन लिटरला नोझल बंद पडतं म्हणून वैतागतो. तोंडाची नळी सरळ आणि उतरती असावी. मधे खोलगट पोट आलं की पेट्रोल तिथे अडतं आणि भसकन उलटं येतं.

उन्हाळ्यात काठोकाठ भरू नका, हेही इथेच सांगतो. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं थंड पेट्रोल आपल्या टाकीत तापलं की फुगतं. २८ अंशांवरून ४५ वर गेलं तर साठ लिटरचं जवळपास एक लिटर वाढतं. त्याला जागा हवी.

जुना पंप चालेल की इलेक्ट्रिक लावावा लागेल?

टाकी मागे नेली की बहुधा इलेक्ट्रिकच. कारण नीट समजून घ्या, इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

इंजिनला लागलेला डायफ्रामचा पंप इंधन ओढतो. ओढताना पाइपातला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी उष्णतेत उकळायला लागतं. जुनी टाकी उंच आणि जवळ होती, तेव्हा ओढायचं काम थोडं होतं. आता टाकी आठ-दहा फूट मागे आणि पंपापेक्षा खाली गेली. मेच्या दुपारी, सिग्नलवर उभ्या गाडीत, पाइपातच वाफ होते आणि पंप नुसती वाफ चावत बसतो. लोक पंपावर ओलं फडकं टाकतात. गाडी निघते, पण हा काही इलाज नव्हे.

पंप टाकीजवळ, टाकीच्या पातळीला किंवा खाली लावा. मग पाइपात दाब राहतो आणि वाफ व्हायला वाव कमी मिळतो. पण दाब किती? कार्बोरेटरला तीन ते सहा पीएसआय पुरे, जुन्या शेव्हर्लेला चारच्या आसपास. भंगारातून आणलेला इंजेक्शन गाडीचा पंप चाळीसच्या वर दाब देतो. तो लावला की कार्बोरेटरची सुई उचलली जाते, पेट्रोल ओसंडून गरम मॅनिफोल्डवर पडतं. पुढचं सांगायला नको. कमी दाबाचाच पंप घ्या.

विजेचंही बघा. शेव्हर्ले पिकअप १९५५ च्या सुरुवातीपर्यंत ६ व्होल्टच्या होत्या. वायरिंग बदललेलं नसेल तर १२ व्होल्टचा पंप रडत चालेल. काही ब्रिटिश गाड्यांना प्लस अर्थ असतो, तिथे पंपाच्या वायरी उलट लावल्या तर तो जागेवर जातो.

आणि पंप थेट चावीला जोडू नका. अपघात झाला, इंजिन बंद पडलं, पण चावी चालूच आहे, तर पंप तुटक्या पाइपातून पेट्रोल ओततच राहील. रिले लावा आणि मधे ऑइल प्रेशरचा स्विच किंवा धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच टाका. इनर्शिया स्विच जुन्या गाड्यांच्या भंगारात मिळून जातो.

पाइप कुठून न्यावा?

चेसिसच्या पट्टीच्या आतल्या बाजूने, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला. आठ मिलिमीटरचा स्टीलचा पाइप, दर फुटा-दीडफुटावर क्लिप. रबर फक्त दोन ठिकाणी, टाकीपाशी आणि इंजिनपाशी, कारण इंजिन हलतं. पारदर्शक प्लास्टिकचा पाइप दिसायला छान, वर्षभरात काडीसारखा कडक होतो. फिल्टर पंपाच्या आधी एक आणि कार्बोरेटरच्या आधी एक.

पेट्रोलमध्ये इथेनॉल आलंय, त्याचा काही परिणाम?

होतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या काळचं रबर त्याने फुगतं किंवा चिरतं, बुचाचा फ्लोट त्यावरचा लाखेचा लेप सुटून बुडतो, आणि जुन्या टाकीत आतून मारलेला लेप पापुद्र्यांनी निघून फिल्टर भरतो. म्हणून टाकी नवी करताय तर सगळी रबरंही इथेनॉलला टिकणारी घ्या, फ्लोट पितळी घ्या आणि आतून कसलाही लेप मारू नका.

इथेनॉल हवेतली ओल पितं. लग्नसराईत आणि पंधरा ऑगस्टला बाहेर निघणारी गाडी असेल तर पावसाळ्याआधी टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा आणि ते फिरवून संपवा. तीन-चार महिने उभं राहिलेलं पेट्रोल खाली पाण्याचा थर सोडतं आणि तो थर पत्रा खातो.

मूळ टाकी ठेवून दुसरी जोडायची आहे. दोघींच्या मधे पाइप टाकला तर?

खालून पाइपने जोडलेल्या दोन टाक्या म्हणजे एकच टाकी. उंचावरची रिकामी होते आणि खालची झाकणातून ओसंडते. सीटमागची टाकी उंच आणि हौद्याखालची खाली, तेव्हा हे नक्की होणार. मधे निवडीचा कॉक हवा, जो एका वेळी एकाच टाकीतून ओढेल.

साध्या कार्बोरेटरला तीन तोंडांचा कॉक पुरतो. डिझेल इंजिनाचं गणित वेगळं. आपल्याकडे कित्येक जुन्या पिकअपमध्ये प्यूजो एक्सडीपीसारखी डिझेल इंजिनं टाकलेली आहेत. डिझेल पंप लागतं त्यापेक्षा जास्त ओढतो आणि उरलेलं रिटर्नने परत पाठवतो. मागच्या टाकीतून ओढताय आणि रिटर्न पुढच्या टाकीत जातोय, असं झालं तर तासाभरात पुढची ओसंडते आणि मागची संपते. मालकाला वाटतं डिझेल चोरीला जातंय. म्हणून सहा तोंडांचा व्हॉल्व्ह घ्या, जो ओढण्याची आणि परतीची वाट एकदमच बदलतो. आणि एक टाकी कोरडी पडायच्या आतच बदला, नाहीतर लाइनमध्ये एअर जाते आणि रस्त्याच्या कडेला पाना घेऊन एअर काढत बसावं लागतं.

काटा उलटा चालतो. भरलेली टाकी रिकामी दाखवतो.

फ्लोट एका कंपनीचा आणि मीटर दुसऱ्या कंपनीचा आहे. जुन्या जनरल मोटर्सच्या फ्लोटचा रोध रिकाम्याला शून्य आणि भरलेल्याला ३० ओहम, १९६५ पासून ९०. जुन्या फोर्डचा उलटा: रिकाम्याला ७३, भरल्यावर १०. मीटर मूळ ठेवायचं असेल तर त्याला जुळणाराच फ्लोट शोधा. मल्टिमीटर लावून हाताने दांडी वर-खाली करून बघायचं, टाकीत घालायच्या आधी.

उलटा नाही, पण काटा नाचतो किंवा हलतच नाही, तर अर्थिंग.

अर्थिंगची वायर खरंच लागते? टाकी तर लोखंडी चेसिसलाच बांधली आहे.

बांधली आहे, पण खाली रबर, वर रबर, पट्टीवर रंग, पाइपाला रबरी होज. विजेच्या हिशेबाने ती हवेत तरंगते आहे. टाकीवरून एक आणि तोंडाच्या नळीवरून एक, अशा दोन वायरी चेसिसला, रंग खरवडून, घट्ट बोल्टने. फ्लोटसाठी तर त्या हव्यातच, पण भरताना तयार होणारी स्थिर वीज निघून जायलाही हव्यात. कोरड्या उन्हाळ्यात हे विशेष पाळा.

टाकी चेसिसला वेल्डिंगने पक्की करावी का?

नाही. चेसिस पिळवटते, टाकी पिळवटत नाही, आणि भांडणात टाकी हरते. दोन पट्ट्यांत झोपाळ्यासारखी धरा, मधे रबर. भोकं पाडायचीच तर चेसिसच्या उभ्या बाजूला पाडा. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडलं की तिथूनच तडा जातो. साठ लिटर पेट्रोल म्हणजे पंचेचाळीस किलो, टाकीचं वजन वेगळं. खड्ड्यात ते दुप्पट-तिप्पट ओढतं.

आरटीओची परवानगी लागते का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका कडकपणे मांडली. इंजिन पेट्रोलचं डिझेल झालं असेल तर ती नोंद झालेली हवीच. टाकीच्या कामाचं म्हणाल तर आधी आपल्या आरटीओत लेखी विचारून घ्या, विमा कंपनीलाही कळवा. आग लागल्यावर न सांगितलेला बदल निघाला तर दाव्यावर वाद होतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत. आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: काही कापू नका. टाकी पट्ट्यांवर, बोल्टवर बसवा. केबिनच्या बाजूचं मूळ तोंड पत्रा मारून बुजवू नका, झाकण तसंच राहू द्या. नवं तोंड हौद्याच्या लाकडी फळीतून काढा. फळी बदलता येते, केबिनचा पत्रा नाही. जुनी टाकी कोरडी करून माळ्यावर ठेवा. उद्या तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला गाडी मूळ रूपात आणावीशी वाटली तर दोन दिवसांचं काम राहील.

काम कुणाकडे द्यावं?

एकाच माणसाकडे सगळं देऊ नका. पत्रा आणि जोड एमआयडीसीत टाक्या-हॉपर करणाऱ्याकडे, बोल्ट-ब्रॅकेट लेथवाल्याकडे, पाइप आणि पंप तुमच्या विश्वासातल्या फिटरकडे, वायरिंग ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. नकाशा आधी पुठ्ठ्यावर कापून गाडीखाली लावून बघा. पुठ्ठा बसला नाही तर टाकीही बसत नाही.

पहिल्यांदा भरताना काय करायचं?

गाडी सपाट जागी, बॅटरी काढलेली, जवळ पावडरचा अग्निशामक. पाच-पाच लिटर ओता आणि प्रत्येक वेळी सगळे जोड हाताने चाचपून बघा. सोबत लाकडी पट्टी तोंडातून आत घालून दर पाच लिटरला खूण करा, म्हणजे काटा पुढेमागे खोटं बोलला तरी पट्टी खरं सांगेल. मग बॅटरी जोडा, इंजिन चालू न करता फक्त पंप चालवून पाइप तपासा. ऑइल प्रेशरचा स्विच मधे असेल तर तेवढ्यापुरती थेट वायर द्या आणि नंतर आठवणीने काढा. शंभर किलोमीटर झाल्यावर पट्ट्यांचे नट पुन्हा आवळा. रबर बसतं आणि पट्टी सैल होते.